आकड्यात चूक

परीक्षणासाठी माझ्यासमोर असलेलं पुस्तक चव्वेचाळीस पानांचं आहे. त्याच्याबरोबर एक बोट मिळते. प्रकाशकाच्या बाजूनं पाहिलं तर बोट विकत मिळते आणि पुस्तक तिच्याबरोबर फुकट. पण मी दोन्ही अथपासून इतिपर्यंत वाचली आहेत, आणि माझं मत असं, की पैसे वसूल झाले ते बोटीपेक्षा पुस्तकातच.

बोट म्हणजे टगबोट. मोठ्या जहाजाला दोर लावून बंदरात आणणारी, धक्क्याला नीट लावून देणारी, बुटकी, रुंद आणि अंगाला जुने टायर लटकावलेली. ही त्यातली छोटी, रेडिओवर चालणारी. किनाऱ्यावर उभं राहून हातातल्या रिमोटच्या दोन दांड्या हलवायच्या, की ती पाण्यात वळते. अर्थात तयार झाल्यावर. माझ्याकडे आली तेव्हा ती २१२ तुकडे, प्लॅस्टिकचं एक रिकामं बूड आणि हे पुस्तक अशा अवस्थेत होती. खोक्यावरच्या चित्रात मात्र ती फेस उडवत चालली होती, आणि चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की मोटर, रेडिओ, बॅटरी, रंग आणि गोंद यांचा किमतीत समावेश नाही. कर्जाच्या अर्जावर तळाशी आम्ही जी अक्षरं छापतो, त्यांच्यापेक्षाही ही बारीक होती. एका धंद्यातल्या माणसानं दुसऱ्या धंद्यातल्या माणसाला मनोमन नमस्कार केला.

हे खूळ डोक्यात शिरलं मार्च २०२१ मध्ये. त्या महिन्याच्या २३ तारखेला 'एव्हर गिव्हन' नावाचं ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं होऊन बसलं आणि २९ तारखेपर्यंत जगाचा व्यापार त्याच्यामागे रांगेत उभा राहिला. मार्च एंडिंगला असं काहीतरी अडकतंच, हे बँकेतल्या माणसाला नव्यानं सांगायला नको. मी रात्री दहाला थकून घरी यायचो, तर अण्णा टीव्हीच्या अगदी पुढ्यात खुर्ची ओढून बसलेले. त्यांच्या एका डोळ्याचं काचबिंदूनं केव्हाच वाटोळं केलं होतं आणि दुसराही त्याच वाटेवर होता. पडद्यावर त्या अजस्र जहाजाच्या कुशीला चिकटलेल्या टगा दिसायच्या, म्हशीच्या अंगावर बसलेल्या बगळ्यांएवढ्या. निवेदक जहाजाबद्दल बोलायचा. अण्णा टगांकडे बघायचे. सहा दिवसांत ते एकदाच बोलले. म्हणाले, "आदी दोर ताठ करूचो, मगे इंजिन. एकदम ओढलास तर दोर तुटता."

अण्णा म्हणजे माझे वडील. पस्तीस वर्षं ते मुंबईला टगवर होते. खलाशी म्हणून चढले आणि सारंग म्हणून उतरले. कुठल्या मालकाच्या टगवर, ते इथं नको. आम्ही मालवणात आईजवळ वाढलो. अण्णा गणपतीला यायचे, जमलं तर शिमग्याला. शाळेत मी पोरांना सांगायचो, की माझे वडील जहाज चालवतात. त्यांच्या पत्रात 'काम बरे आहे' यापलीकडे एक ओळ नसायची. निवृत्त होऊन परत आल्यावरही या माणसानं पस्तीस वर्षांतलं एक अक्षर सांगितलं नाही. माझ्या हिशेबी सुएझचं ते वाक्य हा त्यांनी स्वतःच्या नोकरीबद्दल केलेला पहिला जाहीर खुलासा होता.

पुढं जर्मनीत नोकरीला असलेल्या भाच्यानं फोन केला, "मामा, येताना काय आणू?" अशा वेळी चॉकलेट म्हणायची रीत आहे. मी टगबोट म्हणालो.

आता पुस्तकाकडे वळतो.

पुस्तक सात भाषांत आहे. त्यातल्या सहा मला येत नाहीत आणि सातवी, म्हणजे इंग्रजी, लिहिणाऱ्याला येत नसावी. पात्रांना नावं नाहीत, नंबर आहेत. भाग ४७ हा भाग ५२ ला पान १२ वर चिकटतो, आणि पान १९ वर समजतं की त्या दोघांच्या मधे आधी भाग ४९ बसायला हवा होता. शेवट आधी आणि कारण मागाहून, हे तंत्र आपल्याकडे नवकथेच्या काळात येऊन गेलं आहे. पण नवकथेत दहा सेकंदांत धरणारा गोंद नव्हता, त्यामुळं वाचकाला निदान मागं जाता यायचं.

लेखकाची खरी ताकद दिसते ती तपशिलात. इथं मी टोपी काढतो. कठड्याच्या पितळी तारांना डाग कसा द्यायचा, जिन्याच्या पायऱ्या कशा बसवायच्या, खिडक्यांच्या कडा काळ्या कशा करायच्या, सगळं पायरी-पायरीनं दिलंय. नुसत्या दिव्यांवर दोन पानं आहेत. डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा, हे कुणालाही माहीत असतं. पण मागं काही ओढत असताना टगनं डोलकाठीवर एकाखाली एक असे दोन पांढरे दिवे लावायचे, ओढ दोनशे मीटरच्या वर गेली तर तीन, आणि मागच्या पांढऱ्या दिव्याच्या डोक्यावर एक पिवळा, हे आंतरराष्ट्रीय नियम या लेखकानं चोख पाळलेत. मी मुद्दाम अण्णांना विचारून खात्री केली. अण्णा म्हणाले, "बरोबर आसा." आमच्या घरात याला उत्कृष्ट म्हणतात.

प्रमाण १:५०. खरी टग तीस मीटर, माझी साठ सेंटिमीटर. इथं एक गंमत आहे आणि ती मला बी.कॉम.ला कुणी शिकवली नव्हती. लांबी पन्नासावा हिस्सा झाली म्हणून वजन पन्नासावा हिस्सा होत नाही. ते पन्नासला पन्नासनं आणि परत पन्नासनं भागायचं, म्हणजे सव्वा लाखावा हिस्सा. पाचशे टनांची टग चार किलोंवर येते. बोट रंगवून, सजवून विहिरीवरच्या डोणीत सोडली, तर ती बदकाच्या पिसासारखी तरंगत एका कुशीवर कलली. तिचं वजन भरलं पावणेदोन किलो. उरलेलं सव्वादोन किलोचं वजन बुडात भरायचं, असं पुस्तक म्हणतं, पण कशाचं ते म्हणत नाही. मी बाजारात जाऊन जाळ्याला बांधायचं शिसं घेऊन आलो. दुकानदारानं विचारलं, "रापण काढतास काय?" मी म्हटलं, "नाय, बोट बुडवतंय." त्यानं पैसे मोजून घेतले.

घरातून टीका सुरू झाली ती याच सुमाराला. "मुलगा दहावीला, आणि बाप खेळतोय," असं बायकोनं सासूच्या तसबिरीकडे बघून सांगितलं. मी वाचन वाढवलं आणि सिद्ध केलं की बोटीची छोटी प्रतिकृती हे खेळणं नसतं. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज गृहस्थानं १८७२ मध्ये टॉर्कीला खास हौद बांधला आणि त्यात छोट्या बोटी ओढून मोठ्या जहाजांचं गणित काढलं. नौदलानं मे २०२५ मध्ये कारवारला 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज सामील करून घेतलं, ते अजिंठ्यातल्या एका चित्रावरून बेतलेलं. नकाशा नाही, माप नाही, फळ्या काथ्याच्या दोरानं शिवलेल्या. गोव्यात ते बांधताना त्याची प्रतिकृती आय.आय.टी. मद्रासमध्ये पाण्यात घालून तपासली होती. नौदलाच्या एन.सी.सी.च्या पोरांच्या तर बोटींच्या प्रतिकृतींच्या देशपातळीवर स्पर्धा होतात. एवढं सगळं मी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, "मग त्या पोरांना द्या."

फ्रूडच्या गणिताचा एक भाग मात्र या पुस्तकात असायला हवा होता. वेग पन्नासनं भागायचा नाही, पन्नासच्या वर्गमूळानं, म्हणजे सातनं भागायचा. बारा नॉटची टग छोटी झाली की पावणेदोन नॉटनं चालली पाहिजे, म्हणजे आमच्या ब्रँच मॅनेजरच्या जेवणानंतरच्या चालीनं. माझी मोटर तिला उंदरासारखी पळवत होती. पुस्तकाला याचं काही नाही. खोक्यावरच्या चित्रात फेस उडतो आहे ना, मग झालं.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे पान ३६ ते ४०, 'जुनेपणा आणणे'. नवी कोरी बोट रंगवून झाल्यावर तिच्यावर गंज काढायचा. नांगराच्या भोकाखाली तपकिरी ओघळ, धुराड्याला काजळी, टायर घासून रंग गेल्याच्या खुणा. वाणिज्य शाखेच्या माणसाला हे पचायला जड जातं. घसारा वर्षाअखेर काढतात. घटत्या शिलकेच्या पद्धतीनं काढा की स्थिर हप्त्याच्या, पण मालमत्ता निदान एकदा वापरा तरी! इथं बोट पाण्याचं तोंड बघायच्या आत पंधरा वर्षांचा घसारा एकरकमी. शिवाय मालवणच्या किनाऱ्यावर जुनेपणा विकत आणावा लागत नाही. आमच्या दारातल्या सायकलला तो दर पावसाळ्यात मोफत मिळतो. दांडीच्या किनाऱ्यावर माणसं होड्यांचा गंज खरवडून, पुट्टी भरून, तेलरंग देऊन त्या नव्या दिसाव्यात म्हणून उन्हात राबतात, आणि मी गॅलरीत पंखा लावून एका नव्या बोटीला शून्य नंबरच्या ब्रशनं गंज चढवत होतो. समोरचा मच्छीमार शेजारी एकदा वर आला, बघत उभा राहिला, आणि म्हणाला, "माझी होडी फुकट घेवन जा. तयारच आसा."

तरीही कबूल करतो, पाच महिन्यांनी बोट देखणी झाली. दोन तुकडे उरले. कॅश जुळल्याशिवाय ज्याला उठता येत नाही अशा माणसाला दोन तुकडे उरणं म्हणजे काय, ते इतरांना कळायचं नाही. तीन रात्री टॅली केली. शेवटी ते काड्यापेटीत घालून वर 'सस्पेन्स अकाउंट' अशी चिठ्ठी लावली.

मग चौथ्या शनिवारी, बँकेला सुट्टी होती, बोट अण्णांच्या मांडीवर नेऊन ठेवली.

आता त्यांना जवळजवळ दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, माणसाचा आकार कळतो. त्यांनी बोटीवरून हात फिरवायला सुरुवात केली. माझा जीव कठड्याच्या तारांत अडकलेला, पण त्यांची बोटं एकाही तारेला लागली नाहीत. पहिल्यांदा कप्तान सापडला. हा खोक्यातूनच आलेला, साडेतीन सेंटिमीटरचा, पिवळ्या दाढीचा, गळाबंद स्वेटर घातलेला, कठड्याला रेलून पाइप ओढणारा.

"हो कोण?"

"कप्तान," मी म्हटलं.

"सारंग? स्वेटर घालून?" त्यांनी परत चाचपलं. "आणि रेलून रवलो हा. हो पाव्हणो आसतलो."

मग हात मागं गेला. मोकळ्या डेकवर, बोटीच्या मध्याच्या जरासा मागं, जिथं जहाजाचा दोर अडकवायचा आकडा असतो, तिथं बोटं थांबली. आकडा त्यांनी चिमटीत धरला आणि हलवून बघितला.

"हलना नाय."

"चिकटवलेलो आसा, अण्णा. पुस्तकात तसाच लिवला हा."

"मगे दोर सुटतलो कसो?"

मी म्हटलं, "दोर सुटूक कित्याक व्हयो? ओढूक व्हयो ना?"

अण्णांनी बोट माझ्याकडे परत दिली. "दोर सुटाक नाय, तर टग पालथी जाता," म्हणाले आणि रेडिओ लावला.

माझ्यातला लेखक दुखावला. पाच महिन्यांची मेहनत, दोनशे दहा तुकडे, नियमाप्रमाणे दिवे, आणि समीक्षक एका आकड्यावर अडून बसतो! दोन-तीन दिवस मी काउंटरवर बसून मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होतो. त्यातच एक दिवस इंग्लंडहून आलेल्या कुणाच्या पाहुण्यानं वीस पौंडांची नोट पुढं केली. आमच्या शाखेत ती बदलून मिळत नाही, हे सांगायच्या आधी मी ती उलटसुलट बघून घेतली (धंद्याची सवय), आणि चमकलो. नोटेवर टर्नर हा चित्रकार होता आणि त्याच्या मागं चक्क एक टग! २०२० पासून ही नोट चालू आहे. चित्र १८३९ चं. ट्रफल्गारच्या लढाईत लढलेलं 'टेमरेअर' हे जुनं शिडाचं युद्धजहाज मोडीत काढायला नेत आहेत, आणि धुराड्याची एक काळी बुटकी टग त्याला ओढून नेते आहे.

संध्याकाळी मी या चित्राच्या मागंच लागलो. आणि काय मसाला मिळाला! टर्नरनं तपशिलात धडधडीत चुका केल्यात. टगचं धुराडं डोलकाठीच्या मागं असायचं, त्यानं पुढं काढलंय. टगा दोन होत्या, त्यानं एकच दाखवली. जहाजाच्या डोलकाठ्या तर आधीच उतरवल्या होत्या, त्यानं त्या दिमाखात उभ्या ठेवल्या. पुढं या चित्राची कोरीव प्रत करणाऱ्याला धुराड्याचं ते दृश्य इतकं सहन झालं नाही, की त्यानं धुराड्याची आणि डोलकाठीची जागा परस्पर बदलून टाकली. आणि हे चित्र इंग्रजांनी नोटेवर छापलं!

मी हे अण्णांना मोठ्या आनंदानं सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या एवढ्या चुका खपतात, तर माझा एक आकडा का खपू नये, असा माझा युक्तिवाद होता. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ओढता मा ती?"

मी चित्र परत बघितलं. टगच्या चाकांशी पाणी फेसाळलं होतं. धूर मागं जहाजाच्या अंगावर लोटला होता. मागचं ते मढ्यासारखं पांढरट, उंच धूड निमूट तिच्या मागं येत होतं.

"ओढता," मी म्हटलं.

"मगे झाला," अण्णा म्हणाले.

पुढच्या रविवारी कोळंबच्या खाडीवर बोट पाण्यात उतरवली. समुद्रात लाटा फार, म्हणून खाडी. बांधावर अण्णांना खुर्ची टाकून दिली. पोरं जमली, जाळी विणणारे दोघंतिघं उठून आले. पहिले दोन फेरे झकास झाले. मी वेग जरा जास्तच ठेवला होता. "टग अशी धावना नाय," एवढी एक नोंद खुर्चीवरून झाली. मग कुणीतरी म्हणालं, नुसतीच काय फिरवतास, काय तरी ओढून दाखव. थर्माकोलची माशांची पेटी ओढली, टाळ्या झाल्या. मग शेजाऱ्यानं आपली लहान पगार पुढं केली, एकट्यानं वल्हवायची, हलकी. आकड्याला सुतळी बांधली. टग ताठली, शेपूट खाली बसली, मोटरचा आवाज जड झाला आणि ती पगार खरोखर हलली! चार किलोंची बोट खरी होडी ओढत होती. मी रिमोट हातात धरून कठड्याला रेललेल्या त्या कप्तानासारखाच दिसत असणार.

ओहोटी लागली होती. पगार प्रवाहात सापडून बाजूला सरकू लागली आणि सुतळी मागून हळूहळू टगच्या कुशीला आली. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मोटरचा आवाज फक्त थोडा बदलला.

"आडवी गेली!" अण्णा खुर्चीतून उठले होते. "दोर सोड! सोड! सोड रे, सोड!"

तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. घरात हा माणूस मीठ मागताना ऐकू येत नाही. खाडीच्या पलीकडच्या काठावरचे लोक वळून बघायला लागले. मी दोन्ही दांड्या घाबरून कुठं तरी ढकलल्या, पण सोडायचं काय आणि कसं? आकडा पान ३१ प्रमाणे चिकटवलेला होता. प्रवाहानं पगारीला नेलं, पगारीनं सुतळीला, आणि सुतळीनं माझ्या टगला कानाला धरून आडवं केलं. एका कुशीवरून पाणी आत शिरलं. एका पोरानं उडी टाकून तिला उचललं नसतं, तर हे परीक्षण मरणोत्तर ठरलं असतं.

घरी आणून तिला गोड्या पाण्यानं धुतलं, रेडिओचे भाग काढून तांदळात पुरले. (यानं काही होत नाही म्हणतात, पण दुसरं काही सुचत नव्हतं.) संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. त्यांनीच सुरुवात केली.

"आकड्याकडे बसाचो मी. सुरवातीची सा वर्सां. कुऱ्हाड घेवन."

"काय करूक?"

"काय करूचा नाय. बसाचा." थोडा वेळ गेला. "आकडो अडाकलो, सुटाक नाय, तर दोर तोडूचो. तेवढाच काम."

म्हणजे माझे वडील जहाज चालवत नव्हते. सहा वर्षं ते एका आकड्याजवळ कुऱ्हाड घेऊन बसले होते, जहाजाकडे पाठ करून नाही, दोराकडे तोंड करून.

"कधी तोडलात?"

"एकदाच. रातचो. जहाज फिरला, दोर कुशीर इलो, पाणी डेकार." त्यांनी हातानं तिरकं करून दाखवलं. "मारली."

"मगे?"

"मगे काय. तिसऱ्या दिवशी लेखी मागल्यानी. नवो दोर कापलंस कित्याक?"

हे मात्र मला लगेच समजलं. लेखी खुलासा या वाङ्मयप्रकाराशी माझा चांगला परिचय आहे. विचारलं, "काय लिवलात?"

"लिवलंय, माणसां पाच होती."

त्या रात्री मी पान ३१ पुन्हा उघडलं. 'आकडा (भाग ११८) डेकला चिकटवा. सुकू द्या.' बस. कप्तानाच्या दाढीच्या रंगाला अर्धं पान, जीवरक्षक कड्यांवरच्या अक्षरांना एक पान, गंजाला पाच पानं, आणि ज्याच्यासाठी ही सगळी बोट आहे, त्याला दोन वाक्यं. या लेखकानं टग नीट पाहिली आहे, बारकाईनं पाहिली आहे, पण किनाऱ्यावरून पाहिली आहे. डोळ्यांना दिसलं ते सगळं त्यानं उतरवलं. दोर ताठ झाल्यावर डेकवरच्या माणसाच्या पोटात काय होतं, ते किनाऱ्यावरून दिसत नाही. टर्नरही बहुधा किनाऱ्यावरूनच बघत होता, मग त्याला कसं कळलं, हा प्रश्न मी विद्यापीठातल्या मंडळींसाठी सोडून देतो. आम्ही वाणिज्य शाखेचे.

दुरुस्तीला सहा आठवडे लागले. चिकटवलेला आकडा कापून काढला. सायकलच्या आऱ्याचा नवा केला, बिजागरीवर फिरणारा, आणि त्याला एक खिटी. खिटी ओढायला डेकखाली एक छोटी मोटर. रिमोटला सहा चॅनेल होते, त्यातले दोनच वापरात होते, उरलेले चार आमच्याकडच्या डॉर्मंट खात्यांसारखे पडून. त्यातलं एक चालू केलं. वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं, की खिटी सरकते, आकडा पडतो आणि दोर मोकळा. अण्णांनी ते शंभर वेळा करून बघितलं. शंभर हा आकडा मी अंदाजानं सांगत नाही.

मग ते म्हणाले, नाळीवर काय लावला नाय. टगच्या पुढच्या टोकाला, जिथून ती जहाजाला ढकलते, तिथं जुन्या टगांवर दोराची जाडजूड गादी असायची, दाढीसारखी लोंबणारी. पुस्तकात तिथं प्लॅस्टिकची काळी पट्टी होती. अण्णांनी काथ्या मागवला, तो उकलला, पातळ धागे काढले, आणि तीन दुपारी ओट्यावर बसून आंधळ्या बोटांनी ती दाढी विणली. अडीच इंचांची. कुठली गाठ आहे हे मला कळलं नाही आणि त्यांना नाव आठवलं नाही. या बोटीवर नजरेला पडावं असं तेवढंच एक काम आहे, आणि तेच पुस्तकात नाही.

पान ३१ वरच्या दोन ओळी मी लाल शाईनं खोडल्या आणि समासात दुरुस्ती लिहिली. आमच्याकडे खाडाखोड एका सहीनं चालत नाही. एकानं करायची, दुसऱ्यानं तपासायची. मी सही केली आणि पुस्तक अण्णांपुढं धरलं. "काय लिवलंस?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं, 'आकडा सुटा ठेवावा. चिकटवू नये.' त्यांनी मान हलवली, मी बोट जिथं टेकवलं तिथं वाकडीतिकडी सही केली.

दिवाळीनंतरच्या रविवारी परत कोळंबला गेलो. वेग कमी ठेवला. रिमोट एकच, आणि त्यावर माणसं दोन, म्हणजे जॉइंट खातं. मी दांड्या धरल्या आणि अण्णांनी खुर्ची मला चिकटून घेऊन कोपऱ्यातल्या बटणावर अंगठा ठेवला. शेजाऱ्यानं पगार सोडली. दोर ताठ झाला, मग मी मोटर वाढवली, आधी नाही. पगार निघाली. ओहोटी होतीच. अण्णा मान एका बाजूला कलती करून आवाज ऐकत होते. दोर कुशीकडे सरकू लागला तसा त्यांनी मला कोपरानं ढोसलं, मी टग वळवली, दोर परत मागं गेला. असं दोनदा झालं. बटण दाबायची वेळच आली नाही. पंचवीस मिनिटांत पगार पलीकडच्या काठाला लागली, पोरांनी सुतळी सोडली, टग रिकामी परत आली, मी तिला पाण्यातून उचलून बॅटरी काढली आणि अण्णांना म्हटलं, चला, ऊन वाढलं.

"रव जरा," ते म्हणाले. त्यांचा अंगठा अजून बटणावर होता.